चुकलेला विळा

भाद्रपदात बांधावरचं गवत कापताना आमच्या काकीचा विळा मोडला आणि त्यापायी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी लोहार झालो. लोहार झालो हे माझं म्हणणं. गावाचं म्हणणं वेगळं आहे, आणि माझ्या बायकोचं त्याहून वेगळं.

पोलादपुरात माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. हायवेला हात जोडून हसत उभे असलेले जे चेहरे तुम्हाला दिसतात, त्यांतले बरेचसे माझ्याकडूनच हसत निघालेले असतात. शिवाय गावच्या नाटकात गेली वीस वर्षं राजा मीच. मंडळाकडे मुकुट एकच आहे आणि तो माझ्याच डोक्याला बसतो, या गुणावर ही भूमिका टिकून आहे. लोखंडाशी माझा संबंध म्हणाल तर दुकानाच्या शटरपुरता.

काकी म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्याची बायको. सत्तरी ओलांडलेली. काका गेल्यापासून आमच्या शेजारच्या घरात एक मांजर आणि एक मत घेऊन एकटी राहते. मांजरं बदलतात. तिचा मुलगा मुंबईला नोकरीला आहे. तीन वर्षं तो तिच्यामागे लागला होता, तिकडे चल म्हणून. यंदा गणपतीला आला तेव्हा आरतीचं तबक खाली ठेवलं न ठेवलं तोच त्याने पुन्हा सुरू केलं.

"आई, बिल्डिंगला लिफ्ट हाय, नळाला चोवीस तास पाणी हाय. टेन्शन काय हाय तुला?"

"चोवीस तास पाण्यात बसू काय मी?"

"अगं, तुझे गुडघे बघ. पडलीबिडलीस तर इकडं कोण हाय?"

"हा हाय की," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. चुलत भावाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याची काळजी वाढलेली स्पष्ट दिसली.

शेवटी काकीनेच तोड काढली. "खालची दोन भातखाचरं यंदा मी एकटीनं कापीन. कुणी हात लावायचा नाय. कापली, तर पुन्हा मला न्यायचा विषय काढायचा नाय. नाय कापली, तर मी पिशवी भरते."

भावाने लगेच मान डोलावली. त्याने तिचे गुडघे पाहिले होते. तिचा हात त्याने नीट पाहिला नव्हता.

काकी डावरी आहे. जेवते उजव्या हाताने, कारण लहानपणी डाव्यावर पळीचे तडाखे बसले. बाकी सगळं डाव्याने. भात कापायचा विळा दातेरी असतो आणि त्याचे दात पात्याच्या एकाच अंगाला पाडलेले असतात. कापताना ते अंग जमिनीकडे राहावं लागतं. उजव्या माणसाचा विळा डाव्या हातात घेतला की दात आभाळाकडे बघत बसतात, पातं काडीवरून घसरतं आणि पिकलेले दाणे चिखलात झडतात. काकीकडे डाव्या हाताचा विळा होता. कुठून आला, हे मी बावन्न वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विसर्जनानंतर आठ दिवसांनी तो मोडला आणि ती दोन तुकडे पदरात घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली.

"मोडला रे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी महाडला गेलो. बाजारपेठेत शेती अवजारांची तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "डाव्या हाताचा? अहो, विळा आहे की हातमोजा?" दुसरा म्हणाला, "डावखुरे मी फक्त क्रिकेटमध्ये बघितलेत." तिसरा सज्जन होता. त्याने सल्ला दिला, "उलटा धरायला सांगा." मी तिथल्या तिथे उलटा धरून दाखवला. तसं धरलं की विळा भाताकडे न जाता धरणाऱ्याच्या पोटाकडे येतो. सज्जनाने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

मग मी वरंधच्या बाजूला राहणाऱ्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. आमच्या पंचक्रोशीचे कोयते-विळे त्याच्याच घरचे. आता ऐंशीच्या घरात आहे. मुलगा महाडजवळ कारखान्यात कामाला जातो. भट्टीच्या जागी सुनेचं वॉशिंग मशीन आहे. ऐरण मात्र कोपऱ्यात जागच्या जागी, हळदकुंकू लावलेली. मला पाहून म्हातारा सरसावून बसला. आमची नाटकं त्याने बघितलेली आहेत.

"या राजं! एकटंच? प्रधान नाय आणला?"

मी दोन तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते उचलले, पालथे केले, दातांवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागला.

"हा चुकलेला!"

"म्हणजे?"

"म्हणजे चुकलेला. मी तवा बापाच्या हाताखाली शिकत होतो. दात पाडायला बसलो नि पातं पालथं धरलं. सगळं दात भलत्या अंगाला. बापानं सांडशी उगारली माझ्यावर. तेवढ्यात दारात ही तुमची काकी. लग्न होऊन नवीन आलेली, सासूचा विळा घेऊन आलेली. तिनं तो टाकलेला उचलला, डाव्या हातात धरला, दारातलं गवत कापून बघितलं नि म्हणाली, हा मला द्या. बाप म्हणाला, बाई, हा चुकलेला हाय. ती म्हणाली, चुकलेलाच पायजे."

"मग?"

"मग काय! दर चार-पाच वर्षांनी यायची. दादा, एक चुकलेला द्या. माझा बाप मेला तरी त्याला कळलं नाय का ही डावरी हाय. त्याला वाटं, बाई गरीब हाय, चुकलेला माल घेते. जाताना तिला वर चार मिरच्या द्यायचा घरच्या." तो पुन्हा हसला. "नि सांगू का राजं, मुद्दाम चुकायचं म्हंजे सोपं नसतं. हात सवयीनं बरोबरच जातो."

"मग एक शेवटचा चुका ना, दादा. कापणीला महिना राहिलाय. विळा नाही तर काकी मुंबईला जाते."

सुनेने आणलेला चहा त्याने बशीत ओतला आणि बशी उचलली. तोंडापर्यंत जाईतो निम्मा चहा धोतरावर. "बघितलंत? हात गेलं. ह्या हातानं आता ठिणगी नाय पडायची, चहा पडतो."

इथे माझ्यातला राजा उठून उभा राहिला. मी म्हणालो, "तर मग मी करतो. घरी भट्टी बांधतो. तुम्ही फक्त सांगा."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला आणि सून पाणी घेऊन धावत आली. पाणी पिऊन त्याने विचारलं, "नाटकात ती तलवार असते तुमची, ती लाकडाची ना?"

"पत्र्याची आहे."

"पत्र्याची? मग निम्मं काम झालं."

घरी येऊन मी मोबाईलवर भट्टीचे व्हिडिओ बघितले. एक दाढीवाला परदेशी माणूस, ज्याची कार्यशाळा आमच्या देवळापेक्षा स्वच्छ होती, सांगत होता की घरात पडलेल्या वस्तूंतून भट्टी होते. त्याच्या घरात जे पडलेलं असतं ते आमच्या घरात पडलेलं नसतं, हा मुद्दा त्याने लक्षात घेतला नव्हता. दगडांचं आळं करावं एवढं मला कळलं. म्हणून मी तुडीलला बहिणीच्या सासरी गेलो आणि सावित्रीच्या पात्रातले सुंदर, गोल, गुळगुळीत धोंडे गाडीत भरले. बहीण दारात उभी राहून बघत होती.

"लोक आमच्याकडून नारळ नेतात रे."

"तुला कळायचं नाही. कला आहे ही."

धोंड्यांचं आळं मी परसात मांडलं, कोळसा भरला, पेटवलं. अर्ध्या तासाने पहिला धोंडा फटाक्यासारखा फुटला. दुसऱ्याची कपची पाण्याच्या टाकीवर टण्णकन आपटली. तिसरा फुटायच्या आत मी घरात होतो. बायको खिडकीतून शांतपणे बघत होती.

"अहो, ते दगड जन्मभर पाण्यात भिजलेत. त्यांच्या पोटात पाणी आहे. ते तुम्ही एका दुपारी आटवणार?"

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात कला आहे. मला वाटलं असेल."

मग गॅरेजवाल्याकडून ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आणला. जाड लोखंडाचं ते पातेलं भट्टीला चांगलं, पण आतून मातीचा लेप हवा. मी परातीत माती कालवत असताना बायको आली, दोन बोटांत माती घेऊन बघितली आणि परात माझ्यापुढून ओढली. वारुळाची माती मागवली, त्यात शेण आणि भाताचा तूस घातला, सगळं मळलं आणि तासाभरात असा सुबक लेप दिला की भेग म्हणून नाही.

"हे कुठे शिकलीस?"

"याला चूल म्हणतात. बाई करते तेव्हा चूल, पुरुष करतो तेव्हा भट्टी."

हवा मारायला मी नाटक मंडळाचा पंखा आणला. दरबाराच्या प्रवेशात माझा शेला फडफडावा म्हणून विंगेतून जो लावतात, तोच. त्याच्यापुढे नळकांडं बसवून ते ड्रमच्या तळाला जोडलं. ऐरण म्हणून भंगारातला रुळाचा तुकडा, लोखंड म्हणून जुन्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा. राहता राहिला कोळसा. पाऊस अजून गेलेला नव्हता आणि आमच्याकडे त्या दिवसांत मीठसुद्धा पातळ होतं. पहिल्या दिवशी ओल्या कोळशाने इतका धूर केला की वरच्या आळीचे लोक बादल्या घेऊन धावत आले. आग नाही म्हटल्यावर ते जरा निराश झाले. पण मी लोहार होतोय हे कळल्यावर त्यांनी बादल्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसले. त्या दिवसापासून माझ्या भट्टीला रोज प्रेक्षक होते. नाटकाला एवढे वेळेवर कधी आले नाहीत.

पहिले आठ दिवस मी लोखंडाशी काय केलं ते थोडक्यात सांगतो. पहिल्या तुकड्याचं खुरपं झालं असं मला वाटलं. बायकोने त्याला उलथणं ठरवून स्वयंपाकघरात नेलं. दुसरा तुकडा तापवता तापवता मी प्रेक्षकांना भट्टीचं शास्त्र समजावत होतो. तेवढ्यात तो ठिणग्या उडवत वितळला. तिसऱ्या तुकड्याला मात्र बाक आला. चौथ्या तुकड्याचं मी सहा दिवसांत पातं केलं. खांद्यात गोळे, हातावर फोड, भुवई एका बाजूला जळलेली, पण पातं झालं.

आता माप. मोडक्या विळ्याचा बाक जसाच्या तसा यायला हवा होता, आणि या बाबतीत मला त्या दाढीवाल्याची गरज नव्हती. माझ्याकडे झेरॉक्स मशीन आहे! मोडके तुकडे जुळवून मी काचेवर ठेवले. दातांनी काच खरवडू नये म्हणून दात वर, सपाट अंग खाली. धंद्यात एवढी काळजी घ्यावीच लागते. कागद बाहेर आला, अगदी स्पष्ट. त्यावर पातं बेतून बाक दिला आणि वरच्या अंगाला छन्नीने एकेक दात पाडला. शेवटच्या दाताला बादल्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की झेरॉक्स मशीन काचेच्या बाजूचं छापतं, म्हणजे कागदावर वर दिसत होतं ते बिनदातांचं अंग होतं. वीस वर्षं त्यावर पोट भरणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही, तर बादलीवर बसणाऱ्यांना काय बोल लावायचा?

विळ्याला मूठ बसवून मी तो काकीच्या अंगणात नेला. मागे सगळे प्रेक्षक. मी तो दोन्ही हातांनी पुढे धरला, जशी अंक तिसरा संपताना मी सेनापतीला तलवार देतो. काकीने पदराला हात पुसला, विळा डाव्या हातात घेतला, वाकून गवताची मूठ धरली आणि ओढला. गवताने वाकून नमस्कार केला आणि पुन्हा सरळ उभं राहिलं.

तिने पुन्हा ओढला. पुन्हा नमस्कार.

"छान केलास रे," ती म्हणाली. "कुणाचा हा?"

"कुणाचा म्हणजे? तुझा!"

"हा माझा नाय. हा तुमचा सगळ्यांचा."

बायकोने तो तिच्या हातून घेतला, उजव्या हातात धरला आणि सर्रकन मूठभर गवत कापून दाखवलं. उत्कृष्ट विळा होता. महाडच्या तीन दुकानांत ढिगाने मिळतो तसाच.

प्रेक्षक हसत पांगले. काकी हसली नाही आणि रागावलीही नाही. ती आत गेली, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि दारात उभी राहून झटकायला लागली. बरीच धूळ निघाली. खालची खाचरं तोवर पिवळी पडायला लागली होती.

मी स्कूटर काढली ती थेट वरंधच्या रस्त्याला. म्हाताऱ्याने माझा विळा हातात घेतला आणि त्याचे डोळे हसायला लागले.

"चुकलेला करायला गेलात नि बरोबर झाला?"

"झेरॉक्समुळे."

"आमच्या वेळी एवढी सोय नव्हती. आम्हाला हातानं चुकावं लागं." मग त्याने विळा खाली ठेवला. "ती काय म्हणाली?"

"काही नाही. पिशवी झटकत होती."

म्हाताऱ्याने आत हाक मारली, "सूनबाय, माझी टोपी दे गो."

"कुठं निघालात मामंजी? डॉक्टरनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरनी हातोडी चालवू नको सांगितलंय. तोंड चालवू नको नाय सांगितलं."

त्याने फडक्यात गुंडाळलेली एक छोटी हातोडी घेतली आणि माझ्या मागे स्कूटरवर बसला. वाटेत प्रत्येक वळणावर मला सांगत होता की मी स्कूटरसुद्धा लोहारकामासारखीच चालवतो.

माझी भट्टी बघून तो पहिल्यांदा लेपापाशी थांबला. "हे कुणी केलं?" मी बायकोकडे बोट दाखवलं. "एवढं एक बरोबर हाय," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

लोहारकामात वस्ताद हातोडीने नुसतं टिचकं मारतो आणि जिथे टिचकं पडलं तिथे समोरचा घण घालतो. बोलायचं काम नाही. पण म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, त्यामुळे एका टिचक्याची सात टिचकी होत होती, आणि मी प्रामाणिकपणे सातही ठिकाणी घण घालत होतो. पात्याचा नकाशा झाला. त्याने हातोडी माझ्या पायावर मारायला उगारली, पण तीही सात ठिकाणी पडली असती म्हणून बहुधा खाली ठेवली.

"थांबा. हातोडी नको. मी हां म्हटलं की मारा, नाय म्हटलं की थांबा."

मग दोन दिवस आमच्या परसात एवढंच ऐकू येत होतं. "हां. हां. नाय. नाय म्हटलं ना! राजं, तुम्ही टाळी ऐकल्यासारखं काय मारताय? ते लोखंड हाय, प्रेक्षक नाय. हां."

दात पाडायच्या आधी त्याने पात्याच्या एका अंगावर खडूने फुली मारायला लावली. मग ते माझ्या डाव्या हातात दिलं, मला गवतात वाकायला लावलं, आणि फुली जमिनीकडे आहे का ते स्वतः मान वाकडी करून बघितलं. हे तीनदा केलं. "तुमचा भरवसा नाय. तुम्ही बरोबर कराल."

पाणी द्यायच्या वेळी म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवायच्या वेळी मात्र तो गंभीर झाला. रंग उन्हात कळत नाही, अंधार पाहिजे म्हणाला. परसात अंधार कुठून आणायचा? मी दुकानातले छापून पडलेले फ्लेक्स आणले आणि भट्टीभोवती चारी बाजूंनी बांधले. आत आम्ही दोघं, आणि चारी बाजूंनी भावी सरपंच हात जोडून वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारताहेत.

"पिकलेल्या रातांब्याचा रंग येऊ दे," म्हातारा कुजबुजला. कोकमाच्या फळाचा तो गडद लाल. "कच्चा नको, काळा नको. झाडाखाली पडलेला बघितलाय ना? तसा. अजून नाय... अजून... हां!"

पातं पाण्यात गेलं आणि किंचाळलं. मग ते घासून पुन्हा निखाऱ्यावर हलकं शेकवलं. चकाकत्या पोलादावर सुक्या पेंढ्याचा रंग चढला तसा त्याने माझा दंड धरला. "बस्स. निवू दे." त्याचा हात माझ्या दंडावर होता आणि मला एवढंच आठवतं की तेवढा वेळ तो थरथरत नव्हता. किंवा मीच थरथरत असेन, म्हणून कळलं नसेल.

यावेळी मिरवणूक काढली नाही. काकीला परसातच बोलावलं. तिने विळा डाव्या हातात घेतला, गवतात घातला आणि गवत निमूटपणे तिच्या मुठीत आलं. ती म्हाताऱ्याकडे वळली.

"दादा, चुकला का बरोबर?"

"चुकला, बाय. पार चुकला."

यानंतर एक गोष्ट घडली जिची मी अपेक्षा केली नव्हती. प्रेक्षकांतले एक गृहस्थ, देवळाच्या कमिटीवरचे, अतिशय कडक, संध्याकाळी एकटेच आले. "तो विळा जरा बघू." घेतला डाव्या हातात. डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून ज्या माणसाने जन्मभर पोरांचे कान पिळले, तो परसात उकिडवा बसून गवत कापत होता आणि त्याचं तोंड भिजलेल्या जिलेबीसारखं सैल झालं होतं. "कुणाला सांगू नकोस," म्हणाला. मी सांगितलं नाही, पण कसं कोण जाणे, शिवथरच्या खोऱ्यातून एक नवराबायको आले. नवरा सांगत होता, "हिला उजव्याचीच सवय हाय," आणि बायको तोवर डाव्या हाताने माझ्या भट्टीमागचं अर्धं रान साफ करून मोकळी झाली होती.

कापणीला चुलत भाऊ आला. चार दिवसांची रजा काढून, गाडी घेऊन. तिकडे आईसाठी कपाट रिकामं करून ठेवलंय असं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याला तिच्या पडण्याची भीती वाटते, आणि ती भीती काही खोटी नाही.

पहिल्या दिवशी काकी सकाळी खाचरात उतरली. आम्ही दोघं बांधावर. विळा नीट चालत होता. मूठ धरायची, ओढायची, मागे ठेवायची. दुपारपर्यंत पहिलं खाचर निम्मं झालं. भाऊ मोबाईलवर फोटो काढत होता, हळूहळू त्याने मोबाईल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी पहिलं संपलं. दुसऱ्यात चार हात आत गेली आणि भाकरी खायला म्हणून बांधावर बसली ती उठेना. भाकरी संपली, पाणी प्याली, पान खाल्लं. ऊन कलायला लागलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती समोरच्या उभ्या भाताकडे बघत होती. भाऊ उठला. बाजूला माझा तो पहिला, बरोबर झालेला विळा पडला होता. तो त्याने उचलला.

"आई, बस्स आता. राहिलेलं मी करतो. जिंकलीस समज."

"खाली ठेव."

"अगं पण..."

"समज कशाला? एकटीनं म्हणाले होते मी. ठेव खाली."

त्याने ठेवला. मग तिने माझ्यापुढे विळा धरला. "दातांत काडी बसलीय. काढून दे. तेवढं चालतं."

मी एकेक दात काडीने साफ केला. मुद्दाम सावकाश. अठ्ठावीस दात होते, सगळे माझेच, काही जरा तिरके. विळा परत दिला तेव्हा ती उठून उभी होती. कशी उठली ते आम्हाला दिसलं नाही, आणि ते दिसू नये अशीच तिची इच्छा असावी.

तिसऱ्या दिवशी उन्हं डोंगराआड जायच्या आत दुसरं खाचर मोकळं झालं. भाऊ खाचरात उतरला, तिच्या हाताला धरून तिला बांधावर घेतलं. "ओके. विषय बंद," तो म्हणाला.

"बंद ना?"

"बंद. प्रॉमिस."

तो रिकामी गाडी घेऊन गेला, दिवाळीला पुन्हा आला. त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. भाऊबीज झाली, तो निघायला लागला, तर काकी दारात. नवं लुगडं, हातात ती पिशवी, भरलेली.

"गाडीत जागा हाय ना रे?"

मला आधी वाटलं, महाडला दवाखान्यात जायचं असेल. मग तिने मांजर माझ्या बायकोच्या कडेवर दिलं.

"काकी! अगं, मी भुवई जाळली, खांदे मोडले, तू जाऊ नयेस म्हणून भट्टी बांधली!"

"चांगली बांधलीस. मी काय भट्टीला बांधलेली हाय?"

"पण तू जिंकलीस ना?"

"म्हणून तर. आता हा मला नेत नाय, मी जाते. लिफ्ट बघते, नातीची शाळा बघते. शिमग्याला येईन."

भाऊ गाडीचं दार धरून उभा होता. त्याला हसावं की काय करावं कळत नव्हतं. काकी पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"विळा वळचणीला खोचलाय. तेल लावत जा, गंज धरू देऊ नको. ह्याचे दात अजून दोन कापण्या टिकतील. तवर दुसरा करून ठेव. लव्हारदादांना बसवून कर, तुझ्या मनानं नको."

"दोन कापण्या?" भाऊ म्हणाला. "आई, दोन वर्षांनी तू किती वर्षांची..."

"काच खाली कर," काकी म्हणाली. "मला घाटात उलटी होते."

"आई, मुंबईला जाताना कसला घाट?"

"तरी कर."

त्याने काच खाली केली.